सुईणीचे हात : भीमेच्या दोन्ही तीरांवरील एका विद्येचा वृत्तांत

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने यंदा आम्हांस ‘समाजाची शैक्षणिक वाटचाल’ ह्या विषयावर लिहिण्याची आज्ञा केली होती. विषय थोर खरा. परंतु त्यावर गतवर्षी व त्याच्या आदल्या वर्षीही लेख येऊन गेले आहेत, आणि त्यांत भर घालण्यासारखे आमच्यापाशी फारसे काही नाही. म्हणून मंडळाची क्षमा मागून आम्ही निराळाच विषय घेत आहोत. तो पुरुषाने लिहावा काय, अशी शंका काही वाचकांस येईल. आमच्या सौभाग्यवतींनाही ती आली. परंतु ज्यांनी तो लिहावयाचा त्या आमच्या आज्या निरक्षर होत्या आणि आज त्या हयात नाहीत. तेव्हा त्यांच्या मांडीवर वाढलेल्या नातवाने त्यांच्याबद्दल चार शब्द लिहिले तर त्यात अनुचित असे काही नसावे.

आपल्या समाजाचा इतिहास सांगावयास बसलो की आपण आरंभ बहुधा लहुजी वस्ताद साळवे यांच्या पुण्यातील तालमीपासून करतो. तेथील तांबडी माती, दांडपट्टा, पैलवानांचे अंग रगडण्याची रीत यांचे वर्णन करताना वक्त्यांचा ऊर भरून येतो, आणि तो यावा हे योग्यच आहे. परंतु त्याच काळी मातंग स्त्रियांच्या हाती अंगमर्दनाची आणखी एक विद्या होती. गर्भारशीच्या कमरेला तेलाचा हात लावणे, बाळंतिणीचे अंग चोळून तिला पुन्हा उभी करणे आणि चार दिवसांच्या अर्भकाला पायांवर घेऊन न्हाऊ घालणे, ही ती विद्या होय. तिचा उल्लेख आमच्या पाहण्यातील एकाही स्मरणिकेत आलेला नाही. तालमीत रगडले गेलेले अंग मूठभर लोकांचे. सुईणीच्या हाताखालून मात सारा गाव गेला होता, पाटलापासून पोतराजापर्यंत.

सुईणपण ही काही एकट्या आपल्या समाजाची मिरास नव्हती, हे आधीच सांगून टाकणे बरे. कोठे न्हाव्याची बाई, कोठे कोळीण, कोठे मुसलमान दाई, तर कोठे घरातीलच एखादी जाणती म्हातारी हे काम करी. तथापि दख्खनच्या पठारावर पुष्कळ गावी ते मातंगांच्या स्त्रियांकडे असे. इंग्रजी अमदानीतील जातीविषयक ग्रंथांतही मांगांची कामे सांगताना दोर वळणे व वाजंत्री वाजविणे यांच्या जोडीला त्यांच्या बायका सुईणपण करतात, अशी नोंद आढळते. १८८५ साली प्रसिद्ध झालेल्या पुणे जिल्ह्याच्या गॅझेटियरात तर जातवार जन्मविधी दिले आहेत. सुईण येते, नाळ कापते, मायलेकरांना ऊन पाण्याने न्हाऊ घालते, हा क्रम थोड्याफार फरकाने जातीमागून जातीत वाचावयास मिळतो. जाती बदलतात, देव बदलतात, नैवेद्य बदलतो. सुईण मात्र तीच.

आम्ही ज्या मुलखाविषयी लिहीत आहोत तो वाचकांच्या परिचयाचाच आहे. भीमेच्या उत्तरेस शिरूर तालुका, दक्षिणेस दौंड. आज दोहोंकडे ऊस उभा दिसतो, रांजणगाव व कुरकुंभ येथे कारखान्यांची धुराडी दिसतात. परंतु आमच्या लहानपणी शिरूरकडचा पुष्कळसा भाग कोरडवाहू होता. बाजरी, रब्बीची ज्वारी आणि ज्वारीच्या कडेने काटेरी करडई, हे तिकडचे पीक. ह्या करडईचा आमच्या विषयाशी निकटचा संबंध आहे, तो पुढे येईल. आमची आजी दौंड तालुक्यातील, नदीकाठच्या गावची लेक. ती भीमा ओलांडून शिरूर तालुक्यात सून म्हणून आली आणि सासूच्या हाताखाली सुईणपण शिकली. गावाचे नाव आम्ही मुद्दामच देत नाही. पुढे जे सांगावयाचे आहे ते एका गावाच्या माथी मारण्यासारखे नाही, ते सगळीकडेच होते.

आजीची रीत आम्ही डोळ्यांनी पाहिली तेवढी, आणि आमच्या मातुःश्री व चुलतीकडून ऐकली तेवढी, येथे नोंदवून ठेवतो.

गर्भारशीच्या अंगाला पाचव्या महिन्यापूर्वी ती तेलाचा हात लावीत नसे. सातव्या महिन्यानंतर कंबर, पोटऱ्या आणि तळपाय एवढेच, आणि तेही हलक्या हाताने. पोट चोळावे, आवळावे, मूल ‘सरळ’ करावे असा आग्रह घरच्या म्हाताऱ्या धरीत, त्यावर तिचे ठरलेले उत्तर असे, “पोट म्हंजी कणीक न्हवं, तिंबायला.” पोटावर ती केवळ तळहात ठेवी, डोळे मिटी आणि डोके कोठे, पाठ कोठे, ते सांगे. मूल आडवे आहे असे तिच्या हाताला लागले की ती महिनाभर आधीच घरच्यांना बजावी, की हे काम आपले नव्हे, बाईला दौंडला नेऊन पुण्याच्या गाडीत बसवा आणि ससूनला घेऊन जा. लोक ऐकतच असे नाही. शेजारच्या गावी एक सुईण आडवे मूल हाताने फिरवीत असे व तिचा मोठा लौकिक होता; आजी तिचे नाव निघाले की गप्प बसे. आज प्रसूतितज्ज्ञ डॉक्टर पायाळू किंवा आडवे मूल बाहेरून फिरवितात. परंतु ते सुमारे छत्तिसाव्या-सदतिसाव्या आठवड्यानंतर, सोनोग्राफी करून, बाळाच्या हृदयाचे ठोके पाहत आणि वेळ आल्यास शस्त्रक्रियेची तयारी हाताशी ठेवून. भलत्या हाताने पोट रगडल्यास वार आधीच सुटून मायलेकरू दोघांच्याही जिवावर बेतू शकते. आजीला हे शास्त्र ठाऊक नव्हते. तिला भय ठाऊक होते.

खरे काम बाळंतपणानंतरचे. पहाटेच चुलीवर हंडा चढे. त्यात निरगुडीचा पाला, कडुनिंबाचा पाला, असल्यास एरंडाची पाने. तेल घाण्याचे, करडईचे. तिळाचे तेल उत्तम मानीत, पण ते परवडे कोणाला? खोबरेल तर केसांपुरतेच. वाटीत तेल कोमट करून त्यात ओवा किंवा लसणीच्या दोन पाकळ्या तडतडवीत. बाळंतिणीला न्हाणीच्या दगडाजवळ पाटावर बसवून आजी प्रथम तिच्या पायांच्या बोटांना हात घाली. एकेक बोट ओढून, तळव्यात अंगठा रोवून, पोटरीवरून गुडघ्याकडे, गुडघ्यावरून मांडीकडे, असा हात खालून वर चढे. मग कंबर. कमरेच्या मणक्यांच्या दोन बाजूंना दोन अंगठे ठेवून ती जो दाब देई त्याने बाळंतीण डोळे मिटून सुस्कारा सोडी, तो आवाज आम्ही दाराबाहेर बसून ऐकलेला आहे. पाठ, खांदे, दंड झाले की तांब्यातांब्याने ऊन पाणी कमरेवर एका धारेत सोडावयाचे. पोटाला पहिले काही दिवस नुसते तेल लावावयाचे, चोळावयाचे नाही. आणि न्हाणे झाल्यावर जुन्या लुगड्याची रुंद पट्टी घट्ट बांधावयाची. मग बाजेवर निजवून बाजेखाली शेगडी, आणि ओवा-बाळंतशेपांची धुरी. सधन घरी हळिवाचे व डिंकाचे लाडू; गरिबाघरी बाजरीची भाकरी, शेपूची भाजी, लसणीची चटणी. दूध मात्र दोन्हीकडे उतरे.

मुलाचे न्हाणे हा तर एक सोहळाच. आजी भिंतीला पाठ लावून दोन्ही पाय लांब करून बसे आणि पोटऱ्यांच्या खाचेत मूल पालथे-उताणे करी. तेल, मग डाळीचे पीठ व हळद. छातीवरून दोन्ही हात बाहेर, पोटावरून खाली, उजवा हात डाव्या पायाला आणि डावा हात उजव्या पायाला लावून तीन वेळा घडी घालावयाची, टाळूवर तेल जिरवावयाचे. मूल आधी आकांत करी, मग उचक्या देई आणि दुपट्यात गुंडाळले की दोन-तीन तास ढाराढूर झोपे. तेवढ्या वेळात बाळंतिणीलाही डोळा लागे. चोळण्याचा मोठा गुण कदाचित हाच असावा, असे आम्हांस आता वाटते.

ह्या कामाचा मोबदला काय? आत्रे यांच्या ‘गावगाडा’ ह्या १९१५ सालच्या ग्रंथात बलुत्याची व्यवस्था विस्ताराने आली आहे, जिज्ञासूंनी ती अवश्य वाचावी. आमच्या घरी खळ्यावरचा वाटा मिळे तो आजोबांच्या दोरखंडाबद्दल. सुईणपणाचा हक्क असा नव्हता. बारा दिवस तेल-पाणी केल्यावर मुलगा झाला असल्यास लुगडे-खण आणि पायलीभर धान्य, मुलगी झाली असल्यास खण आणि निम्मे धान्य. मेहनत दोहोंची सारखीच. आजी म्हणे, मुलगी झाली की घरातले लोक माझ्याकडे असे बघतात की जणू मीच बदलून आणली.

आता जे लिहावयाचे आहे ते लिहिताना हात अडखळतो. साल १९६७. अस्पृश्यता गुन्हा ठरविणारा कायदा होऊन बारा वर्षे लोटली होती. आम्ही नऊ वर्षांचे होतो आणि आजीचा तेलाचा गडू धरून तिच्याबरोबर एका सधन शेतकऱ्याच्या वाड्यावर जात असू. बाळंतिणीची खोली वाड्याच्या आत, माजघराच्या पलीकडे. आजी सरळ आत जाई. तीन दिवस ती तेथेच निजली होती. त्या घरच्या सुनेचे अंग, तिचे रक्त, तिचे लेकरू, सगळे आजीच्या हाती. वाड्यातील थोरल्या बाई तिला “मावशे, एवढं निभावून ने” म्हणत. बारा दिवस झाले, घर सारवले, गोमूत्र शिंपडले, बाळंतीण शुद्ध झाली. तेराव्या दिवशी आजी आपले लुगडे मागावयास गेली तेव्हा ती अंगणाबाहेर उभी राहिली. कोणी सांगितले नव्हते, तिचे पायच तेथे थांबले. लुगडे वरून तिच्या पदरात टाकण्यात आले. आम्हांस तहान लागली होती, तर पाणी ओंजळीत वरून ओतले. आत पाळण्यात निजलेले मूल आदल्याच दिवशी आजीच्या पायांवर न्हाले होते.

पुष्कळ दिवस आम्ही असे समजत होतो की बाळंतपणात जातीचा विटाळ विसरला जातो, माणुसकी जागी होते. अनुभवाने कळले की तसे नव्हते. बाळंतीण स्वतःच त्या दिवसांत विटाळशी मानली जाई. तिला कोणी शिवावयाचे नाही, म्हणून जिला एरवी कोणी शिवत नसे तिला बोलावावयाचे, इतकाच त्याचा अर्थ होता. सुईणीला दार उघडले जाई ते तिच्या विद्येसाठी जितके, तितकेच तिच्या जातीसाठी. घाण काढणारे हात म्हणून ते हवे होते. त्या हातांत ज्ञान आहे हे मानण्याची गरज कोणाला भासली नाही. ‘गरज सरो, वैद्य मरो’ ही म्हण आपल्या भाषेत आहेच. येथे तर वैद्याला वैद्यही कोणी म्हटले नाही.

आणि ह्या स्त्रियांची स्वतःची बाळंतपणे कशी होत? त्याचा पुरावा आपल्याच एका मुलीने लिहून ठेवलेला आहे. सावित्रीबाई व जोतीराव फुले यांच्या पुण्यातील शाळेत शिकणारी मुक्ता साळवे ही चौदा वर्षांची मुलगी. मांग-महारांच्या दुःखाविषयीचा तिचा निबंध १८५५ सालच्या फेब्रुवारी व मार्च महिन्यांत ‘ज्ञानोदय’ पत्रात छापून आला. आपण तिचे नाव सभांतून घेतो, तसबिरीला हार घालतो. परंतु त्या निबंधात तिने बाळंतिणींविषयी काय लिहिले आहे, हे किती जणांनी वाचले आहे? आमच्या स्त्रिया बाळंत होतात तेव्हा घरावर छप्परसुद्धा नसते, थंडी-पावसाने त्यांचे हाल होतात, बाळंतरोग झाला तर औषधाला पैसा कोठून आणावा, असा तिचा प्रश्न आहे. जिच्या जातीच्या बाया गावाच्या बाळंतिणींना ऊन पाण्याने न्हाऊ घालीत होत्या, त्या जातीच्या बाळंतिणीला आडोसा नव्हता. चौदा वर्षांच्या मुलीला हे दिसले. आमच्या घरची गोष्ट सांगावयाची तर आमच्या जन्माच्या वेळी मातुःश्री पाचव्या दिवशी दोर वळावयास बसल्या होत्या. आजीने त्यांचे अंग चोळले ते रात्री, गावातली दोन घरे उरकून आल्यावर, दुसऱ्यांच्या वाटीतील उरलेल्या तेलाने.

ग्रंथांतून ह्या विद्येची परंपरा जुनी आहे. सुश्रुताने बाळंतिणीला बलेच्या, म्हणजे चिकण्याच्या, तेलाने अभ्यंग सांगितला आहे. काश्यपसंहितेत सूतिकेच्या उपचारांवर स्वतंत्र अध्याय आहे. डॉ. आनंदीबाई जोशी यांनी अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे १८८६ साली वैद्यकीय पदवीसाठी जो प्रबंध सादर केला त्याचा विषय प्राचीन हिंदूंचे प्रसूतिशास्त्र हाच होता. त्यांच्या पदवीदान समारंभास पंडिता रमाबाई उपस्थित होत्या, आणि त्याच रमाबाईंनी पुढे आपल्या दौंड तालुक्यात, केडगावी, निराधार स्त्रियांसाठी ‘मुक्ती’ उभारले. त्यानंतर १९०९ साली पुण्यात रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने सेवासदन निघाले व तेथून परिचारिका आणि शिकलेल्या सुइणी तयार होऊ लागल्या. ह्या थोर स्त्रियांविषयी आमच्या मनात आदरच आहे. म्हणणे एवढेच, की ग्रंथातील अभ्यंग आणि आजीच्या अंगठ्यातील अभ्यंग यांची गाठ घालून देणारे कोणी निघाले नाही.

परदेशीयांनी मात्र ह्या हातांकडे पाहिले, तेही दोन टोकांनी. १९२७ साली कॅथरिन मेयो ह्या अमेरिकन बाईने ‘मदर इंडिया’ ह्या कुप्रसिद्ध पुस्तकात येथील दाईचे अत्यंत किळसवाणे चित्र रंगविले. त्यानंतर पन्नास वर्षांच्या आतच, १९७६ साली, फ्रेडरिक लबॉये ह्या फ्रेंच प्रसूतितज्ज्ञाने कलकत्त्याच्या बाजूस एका गरीब वस्तीत आपल्या बाळाला पायांवर घेऊन तेल लावणारी शांतला नावाची स्त्री पाहून तिच्यावर पुस्तकच लिहिले, आणि तिचेच नाव पुस्तकाला दिले. त्या पुस्तकामुळे युरोपातील आया मुलांना हिंदुस्थानी पद्धतीने तेल लावू लागल्या. मेयोबाईच्या चित्रात द्वेष होता, लबॉये यांच्या चित्रात भक्ती होती. दोहोंतही खोटे होते आणि दोहोंतही खरे होते, असे आम्ही म्हणतो, आणि तसे म्हणावयाचे कारण आमच्याच घरात आहे.

आमच्या पाठची दोन भावंडे, एक १९६१ साली व एक १९६४ साली जन्मलेले, आठवडाभरात गेली. दुसऱ्याची आठवण आम्हांस अंधुक आहे. सातव्या दिवशी त्याने स्तन धरावयाचे सोडले, जबडा आवळला, अंग धनुष्यासारखे ताठ झाले. सटवाई रुसली, असे सारे म्हणाले. आजीने नदीकाठच्या सटवाईला जाऊन नाक घासले. ती सटवाई नव्हती. नाळ कापली होती ती घरच्या विळ्याने, आणि नाळेवर लावली होती चुलीतील राख. धनुर्वाताचे जंतू त्या वाटेने शिरतात, हे आम्ही पुढे शिक्षक झाल्यावर, मुलांना आरोग्याचा धडा शिकविताना वाचले आणि त्या दिवशी आम्हांला वर्गात पुढे वाचवले नाही. ज्या हातांनी अर्धा गाव जन्माला घातला त्याच हातांनी, अजाणता, आपली दोन नातवंडे घालविली. आजी तेव्हा वारली होती. तिला हे सांगावे लागले नाही, ह्याचे आम्हांस बरे वाटते. आणि असे बरे वाटावे ह्याची लाजही वाटते.

अशा आणखीही गोष्टी होत्या. पहिले चिकाचे दूध ‘जड’ म्हणून पिळून टाकीत. तेच अर्भकाचे पहिले संरक्षण होय. नाका-कानांत तेल सोडीत. ते श्वासाबरोबर फुप्फुसात गेले तर न्यूमोनिया होतो. बंद खोलीतील शेगडी व धुरी कोवळ्या फुप्फुसांना अपायकारक. कळा चालू असता पोटावर वरून जोर देणे हे तर काही ठिकाणी सर्रास चाले. हे सारे टाकून देण्याजोगेच होते आणि ते गेले हे उत्तम झाले.

बदल झाला तो हळूहळू. १९७७-७८ पासून ग्रामीण आरोग्य योजनेखाली दर हजार लोकवस्तीमागे एक दाई शिकवून तयार करण्याचे काम सरकारने हाती घेतले. आमच्या चुलतीने ते शिक्षण घेतले. महिनाभर ती आरोग्य केंद्रात जाऊन बसे. परत आली ती एक पेटी घेऊन. आत कात्री, दोरा, साबण, हात घासावयाचा ब्रश. तिला अक्षर येत नव्हते, पण हात धुण्याचा, जागा स्वच्छ ठेवण्याचा, पाते उकळण्याचा क्रम ती बोटांवर म्हणून दाखवी. त्यानंतर तिच्या हातचे एकही मूल धनुर्वाताने गेले नाही. पुढे मातांना धनुर्वाताची लस मिळू लागली, आणि २०१५ साली माता व नवजात अर्भकांच्या धनुर्वाताचे भारतातून निर्मूलन झाल्याचे जाहीर झाले. ती बातमी आम्ही वर्तमानपत्रातून कापून ठेवली आहे.

शिरूर तालुक्यास ह्या बाबतीत एक विशेष भाग्य लाभले. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाच्या डॉ. बानू कोयाजी यांनी १९७० च्या दशकात वढू बुद्रुक येथे ग्रामीण आरोग्याचे काम सुरू केले आणि गावातल्याच माणसांना आरोग्याचे शिक्षण देऊन उभे केले. शहरातील मोठ्या डॉक्टरीणबाईंनी खेड्यातील अल्पशिक्षित बाईला शिकण्यास लायक मानले, ही गोष्ट त्या काळी लहान नव्हती. त्यांस १९९३ साली मॅगसेसे पारितोषिक मिळाले.

येथे आमच्या शिक्षकी पेशातील एक अनुभव नमूद करतो. १९८० साली आम्ही जिल्हा परिषदेच्या शाळेत लागलो तेव्हा जूनमध्ये पटनोंदणीस घरोघर हिंडावे लागे. जन्मनोंदणीचा कायदा १९६९ सालचा, पण मुलाची तारीख आईबापांना सांगता येत नसे. मग गुरुजी १ जून लिहून मोकळे होत. आमचीही जन्मतारीख १ जूनच आहे. वाचकांपैकी पुष्कळांची असेल. चुलतीला ही युक्ती मान्य नव्हती. ती सांगे, “त्याचा जल्म पोळ्याच्या आदल्या राती, नदीला पाणी हुतं, मला काहिलीत बसवून पल्याड न्हेलतं.” गुळाच्या काहिलीतून भीमा ओलांडून सुईण गेली ते वर्ष कोणते, हे पंचांगावरून काढले की तारीख निघे. तीसेक मुलांच्या खऱ्या तारखा आम्ही अशा लावल्या. गावाचे जन्मदप्तर तिच्या डोक्यात होते, आणि त्या दप्तरात तिचे स्वतःचे नाव कोठेच नव्हते. मुलाच्या नावापुढे बापाचे नाव लागते, आईचेही आता लागते. सुईणीचे लावावे असे आमचे म्हणणे नाही, पण तिला गावात नाव होते तरी काय? “मांगीण” किंवा “सुईण”.

मग समाजाने हे काम सोडले. स्वाभिमानाच्या चळवळीत हलगी सुटली, केरसुणी सुटली, बलुते सुटले. त्यांच्याबरोबर सुईणपणही सुटले. आमच्या वडिलांनी चुलतीला स्वच्छ सांगितले होते, की आता कोणाच्या वाड्यावर जावयाचे नाही. ते चुकले असे आम्ही म्हणणार नाही. अंगणाबाहेर उभे राहून वरून टाकलेले लुगडे झेलण्यापेक्षा विद्या बुडालेली बरी, असे त्यांना वाटले असेल तर त्यांना दोष कोणी द्यावा? परंतु अपमान टाकताना त्याला चिकटलेले ज्ञानही आपण टाकले, आणि वर त्याची लाज धरली. आमच्या पिढीतल्या शिकलेल्या मंडळींपैकी किती जण मुलांना सांगतात की तुमची पणजी सुईण होती? पणजोबा वस्तादांच्या तालमीत होते असे सांगणारे मात्र दर मेळाव्यात चार भेटतात.

इकडे काळही पालटला. १९९२-९३ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातील निम्म्याहून कमी बाळंतपणे दवाखान्यात होत होती. २०१९-२१ च्या पाहणीत ते प्रमाण सुमारे ९५ टक्क्यांवर गेले. २०१८-२० ह्या काळात राज्यात दर एक लक्ष जिवंत जन्मांमागे ३३ मातामृत्यू नोंदले गेले. हा आकडा आजीच्या काळातील कोणाला खरा वाटला नसता. ऊसतोडीला आलेल्या बीड-नगरकडील बायांची बाळंतपणे अजूनही कधी कधी फडाकडेच्या कोपीत उरकतात, तेवढे सोडले तर घरचे बाळंतपण आपल्या भागात दुर्मीळ झाले आहे. हे चांगलेच झाले, ह्यात आम्हांस तिळमात्र संशय नाही.

चोळणे मात्र दवाखान्याने घेतले नाही. तिसऱ्या दिवशी, शस्त्रक्रिया झाली असल्यास आणखी काही दिवसांनी, बाई घरी येते आणि तेथून पुढचे सव्वा महिन्याचे काम पुन्हा कोणाच्या तरी हातांवर येते. मागील वर्षी आमच्या सूनबाईंचे बाळंतपण झाले, शस्त्रक्रियेने. मालिशवाली बाई ठरविली. ती रोज दुचाकीवरून येई, तासाच्या हिशेबाने पैसे घेई, आणि आल्याबरोबर सूनबाई तिला चहा देत, त्याच कपातून ज्यातून आम्ही पितो. आम्ही ते पाहत बसत असू. ती कोणत्या जातीची हे आम्ही विचारले नाही. तिनेही आमची विचारली नाही. मुंबईस शीवच्या रुग्णालयातील डॉक्टरांनी खोबरेल तेलाच्या मालिशीने अर्भकांचे, विशेषतः अपुऱ्या दिवसांच्या बाळांचे, वजन अधिक वाढते असे पाहून २००५ साली प्रसिद्ध केले, ही माहिती चिरंजीवांनी आम्हांस वाचून दाखविली. त्या बाईस आम्ही ती सांगितली, तर ती म्हणाली, “गुरुजी, हे आम्हाला ठाऊकच हाय की.”

तिचा हात चांगला होता, पण एके दिवशी तिने सूनबाईंच्या पोटाला जोर द्यावयास सुरुवात केली. टाके अजून ओले होते. आमच्या सौभाग्यवती स्वयंपाकघरातून धावत आल्या व त्यांनी तिचा हात धरला. जखम भरून डॉक्टरांनी परवानगी देईपर्यंत पोटाला हात नाही, पोटरी सुजून दुखत असेल तर तीही चोळावयाची नाही, डॉक्टरांना दाखवावयाची, असे त्यांनी तिला सांगितले. शेवटी त्यांच्या तोंडून जे वाक्य निघाले ते आम्ही पन्नास वर्षांनी ऐकत होतो, कणकेचे. त्यांनी ते आजीकडून ऐकले नव्हते. आमच्या लग्नापूर्वीच आजी वारली. मातुःश्रींकडून त्यांच्याकडे आले असावे.

नंतरच्या आठवड्यात सौभाग्यवतींनी भिंतीला पाठ लावून पाय लांब केले आणि नात पोटऱ्यांवर घेतली. सूनबाई भ्रमणध्वनीवर त्याचे चित्रण करीत होत्या. उजवा हात डाव्या पायाला, डावा हात उजव्या पायाला, तीन वेळा.

आपल्या संस्थेच्या कुटुंब-परिचय पत्रकात कुटुंबप्रमुखाचा व्यवसाय, आजोबांचा व्यवसाय, मूळ गाव असे रकाने आहेत. आजीसाठी रकाना नाही. पुढील वर्षीच्या पत्रकात तो घालावा, अशी लेखी विनंती आम्ही कार्यकारिणीस दिली आहे. ज्या कुटुंबांत आजी, पणजी, चुलती कोणी सुईण होती त्यांनी तिचे नाव, माहेर-सासरचे गाव आणि तिच्या रीतीचे जे काही आठवत असेल ते संस्थेच्या कार्यालयाकडे लिहून पाठवावे. साध्या कागदावर चालेल. शिरूर व दौंड ह्या दोन तालुक्यांपुरते टाचण करून ठेवण्याचे काम आम्ही पत्करले आहे. वहीच्या पहिल्या पानावर आजीचे आणि चुलतीचे नाव आम्ही लिहून ठेवले आहे.